किंग जेम्स बायबल: उलट्या वाक्यांसाठी कोणती प्रत बरी?

इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम, जुन्या कबरींवरचे लेख, मिशनऱ्यांची पत्रं, व्हिक्टोरियन कादंबऱ्या, कशालाही हात घातला की किंग जेम्स बायबल, म्हणजे बायबलचं १६११ सालचं इंग्रजी भाषांतर, आडवं येतंच. मुंबईत ते मिळायला अडचण नाही. फोर्ट आणि वांद्र्यातली ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं, हुतात्मा चौकातले आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे जुन्या पुस्तकांचे पदपथ, ऑनलाइन बाजार, सगळीकडे आहे. घोळ होतो तो निवडीत. एकाच नावाखाली पाच-सहा तऱ्हांचा माल विकला जातो आणि मुखपृष्ठावरून काही कळत नाही. शिवाय भाषेसाठी घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार हमखास भक्तीसाठीची प्रत दाखवतो, कारण त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक तेच.

या परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे: वाक्यातल्या शब्दांचा तो जुना, उलटसुलट क्रम मराठी माणसाला कोणत्या छपाईत लवकर उलगडतो. श्रद्धेचा प्रश्न इथे नाही, चामड्याच्या बांधणीचाही फारसा नाही.

निकाल आधीच सांगतो. सुरुवातीला पेंग्विन क्लासिक्सची २००६ ची प्रत घ्या. तिच्या जोडीला इंग्लंडच्या चर्चचं १६६२ चं प्रार्थनेचं पुस्तक, म्हणजे 'बुक ऑफ कॉमन प्रेअर', घ्या. अभ्यास पुढे न्यायचा असेल तर नॉर्टन क्रिटिकलचे दोन खंड. १६११ ची हुबेहूब प्रत फक्त हौस म्हणून. बाकी जे घरात असेल ते संदर्भाला चालेल.

आता कारणं. या इंग्रजीत शब्दसंग्रह अडतो असं बहुतेकांना वाटतं. 'दाउ', 'हॅथ', 'अन्टू' हे शब्द दोन दिवसांत सवयीचे होतात. अडकवतो तो क्रम. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र लंगड्या भिकाऱ्याला म्हणतो: 'सिल्व्हर अँड गोल्ड हॅव आय नन, बट सच अ‍ॅज आय हॅव गिव्ह आय दी.' शब्द सगळे पहिलीतले. तरी 'हॅव गिव्ह आय दी' इथे डोळा अडखळतो, कारण दोन क्रियापदं एकमेकांना खेटून आली आणि मधे स्वल्पविराम नाही. 'सच अ‍ॅज आय हॅव' इथे मनातल्या मनात थांबा, मग 'गिव्ह आय दी' वाचा. पहिला तुकडा म्हणजे 'माझ्यापाशी जे आहे ते', दुसरा म्हणजे 'देतो मी तुला'. मराठीत अगदी सरळ बसतं. 'रुपं-सोनं माझ्याकडे नाही' असं आपण कर्म आधी ठेवूनच बोलतो.

आणि इथेच मराठी वाचकाचं पारडं जड आहे. 'तोषोनि मज द्यावें पसायदान हें' या ओळीत कर्म क्रियापदाच्या मागे गेलं आहे, तरी कुणालाही अडत नाही, कारण 'मज' हे रूपच सांगतं की देणं कुणाला आहे. क्रम बदलला तरी विभक्ती अर्थ धरून ठेवते. आजच्या इंग्रजीत नामांची विभक्ती जवळपास गेली, उरली ती सर्वनामांत. म्हणून किंग जेम्सचं वाक्य गुंतलं की नामांकडे बघत बसू नका, सर्वनाम पकडा. 'आय, दाउ, ही, शी, वी, यी, दे' ही कर्त्याची रूपं. 'मी, दी, हिम, हर, अस, यू, देम' ही कर्माची. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या ओवीत 'इन द इमेज ऑफ गॉड क्रिएटेड ही हिम' असं येतं. 'ही' कर्ता, 'हिम' कर्म, खेळ संपला: त्याने त्याला घडवलं. हा क्रम भाषांतरकारांनी लहरीनं केलेला नाही. मूळ हिब्रूत 'देवाच्या प्रतिमेत' आधी, मग क्रियापद, मग 'त्याला' असाच आहे, आणि इंग्रजीनं तो जसाच्या तसा उचलला.

'यी' आणि 'यू' यांचा फरक तर सोन्याचा आहे, आणि मराठी माणूस तिथेच घसरतो. आपल्याला वाटतं 'दाउ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे आदराचं तुम्ही. या पुस्तकात आदराचा संबंध नाही. 'दाउ' एकाला, मग तो देव असो की चाकर. 'यी' अनेकांना, मग ते कोणीही असोत. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोनाला म्हणतो की सैतानाने 'यू'ला मागितलं आहे, पण मी 'दी'साठी प्रार्थना केली आहे. म्हणजे धोका सगळ्या शिष्यांना, प्रार्थना एकट्या शिमोनासाठी. आजच्या इंग्रजी भाषांतरांत दोन्हीकडे 'यू' येतं आणि हा फरक गळून जातो, किंवा तळटीप द्यावी लागते.

वाक्य सोडवायची एक ठरलेली रीत आहे. आधी चालतं क्रियापद शोधा. शेवटी 'एथ' असेल तर कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी, 'एस्ट' असेल तर कर्ता 'दाउ'. मग सर्वनाम बघा. मग 'नॉट' कुठे आहे ते बघा. आज 'डू नॉट' लागतं तिथे इथे क्रियापदाच्या मागे नुसतं 'नॉट' येतं: 'जज नॉट', 'फिअर नॉट', 'दे टॉइल नॉट'. कर्म सर्वनाम असेल तर ते मधे घुसतं: 'लीड अस नॉट इन्टू टेम्प्टेशन', 'फरबिड हिम नॉट', 'टच मी नॉट'. लाजाळूच्या झाडाला कॉन्व्हेंटची पोरं 'टच मी नॉट' म्हणतात तो हाच जुना क्रम, कुंडीत जिवंत राहिलेला. प्रश्नातही 'डू' शक्यतो नाही: 'व्हॉट थिंक यी?', 'लव्हेस्ट दाउ मी?', 'हूम सीक यी?'. मात्र 'डू' अजिबातच नाही असं समजलात तर फसाल. 'नायदर डू दे स्पिन' आहे, आणि हव्वेने फळ घेतलं 'अँड डिड ईट' असंही आहे. तिथे 'डिड' म्हणजे 'खाल्लंच' असा जोर नाही, साधा भूतकाळ आहे. भल्याभल्यांचं भाषांतर इथे चुकतं.

वाक्याच्या तोंडाशी 'देन', 'नाउ', 'देअरफोर' किंवा स्थळकाळाचा तुकडा आला की क्रियापद उडी मारून कर्त्याच्या आधी येऊ शकतं: 'देन केम पीटर टू हिम'. येऊ शकतं, येईलच असं नाही. योहानाचं शुभवर्तमान 'इन द बिगिनिंग वॉज द वर्ड' असं उघडतं, उत्पत्तीचं पहिलं वाक्य मात्र 'इन द बिगिनिंग गॉड क्रिएटेड' असं सरळ आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापद दुसऱ्या जागी यायचा जो कल होता, तो १६११ पर्यंत ढिला पडला होता. त्यामुळे नियम म्हणून पाठ करू नका, शक्यता म्हणून लक्षात ठेवा.

आज्ञार्थातही कर्ता क्रियापदाच्या मागे दिसतो, 'गो यी', 'फॉलो दाउ मी'. आणि 'हॅलोड बी दाय नेम', 'दाय किंगडम कम' ही रूपं व्याकरणाची चूक वाटतात. मराठीतलं 'येवो', 'होवो' आठवलं की ती आपोआप बसतात. मराठी बायबल यासाठी शेजारी उघडं ठेवावं. 'तुझे राज्य येवो' हे वाचणाऱ्याला 'कम'ला 'एस' का नाही हा प्रश्न पडतच नाही.

एक चकवा क्रमाचा नाही, काळाचा आहे, पण याच गटात सापडतो. लाजारच्या मृत्यूनंतर त्याची बहीण म्हणते, 'इफ दाउ हॅड्स्ट बीन हिअर, माय ब्रदर हॅड नॉट डाइड.' शेवटचा तुकडा 'माझा भाऊ मेला नव्हता' असा वाचू नका. 'मेला नसता' असा तो आहे. आजच्या 'वुड हॅव'ची जागा इथे एकट्या 'हॅड'नं घेतली आहे.

दुकानात काय तपासावं

पहिली गोष्ट, हातातली प्रत खरोखर किंग जेम्स आहे का. स्तोत्र २३ उघडा. दुसऱ्या ओवीत 'ही मेकेथ मी टू लाय डाउन' असेल तर ठीक. 'ही मेक्स मी' असेल तर ते 'न्यू किंग जेम्स' आहे, १९८२ चं. वाचायला सोपं आहे, पण ज्या कामासाठी आलात त्या कामाचं नाही. मुखपृष्ठावर 'न्यू' हा शब्द बारीक अक्षरांत असतो किंवा नुसतंच बोधचिन्ह असतं, त्यामुळे ही चाचणी न करता पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट तिरपी अक्षरं. त्याच स्तोत्राच्या पहिल्या ओवीत 'द लॉर्ड इज माय शेफर्ड' यातला 'इज' तिरपा छापलेला हवा. मुळात नसलेला, इंग्रजीच्या गरजेपोटी भरलेला शब्द तिरपा छापायची या भाषांतराची रीत आहे. हिब्रूत 'आहे' न लिहिताही वाक्य पुरं होतं, म्हणून 'इज', 'वॉज', 'इट' हेच शब्द जास्त तिरपे दिसतात. नव्या वाचकाला तिरपं अक्षर म्हणजे जोर वाटतो आणि मग गंमत होते. राजांच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, एक म्हातारा संदेष्टा मुलांना सांगतो: 'सॅडल मी द अ‍ॅस. अँड दे सॅडल्ड हिम.' यातला 'हिम' तिरपा आहे. जोर देऊन वाचलं तर पोरांनी गाढव सोडून बापालाच खोगीर घातलं असं होतं! त्यातला 'मी'ही बघा. 'मला खोगीर घाला' नव्हे, 'माझ्यासाठी गाढवावर खोगीर घाला'. हे चतुर्थीचं 'मी' मराठीला परकं नाही. 'मला चहा कर' म्हणताना चहा माझा होत नाही, माझ्यासाठी होतो.

तिसरी गोष्ट पानाची मांडणी, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. भक्तीच्या प्रतींत दोन रकाने, मधे बारीक संदर्भांची पट्टी आणि प्रत्येक ओवी नव्या ओळीवर असते. संदर्भ शोधायला हे उत्तम. वाक्य समजायला वाईट. वाक्य ओवीपाशी संपतं असा भास होतो, प्रत्यक्षात ते तीन-तीन ओव्या चालू असतं. अरुंद रकान्यात कर्ता एका ओळीत आणि क्रियापद दोन ओळी खाली पडतं. पौलाच्या पत्रांत तर वाचक पार हरवतो. या प्रतींत परिच्छेदाची खूण म्हणून उलट्या 'पी'सारखं चिन्ह असतं, तेही प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायाच्या छत्तिसाव्या ओवीनंतर गायब होतं. पुढची पानं फाटली किंवा छपाई चुकली असं समजू नका. १६११ पासून तसंच आहे.

विशेषनामांवर उच्चाराच्या खुणा असलेल्या प्रती मिळतात. मराठी माणसाला नावांचे उच्चार कळायला त्या बऱ्या वाटतात, पण पान खड्यांनी भरलेल्या तांदळासारखं दिसतं. येशूचे शब्द लाल शाईत असलेल्या प्रती पातळ कागदावर ट्यूबलाइटखाली फिकट दिसतात. दोन्ही टाळलेल्या बऱ्या.

जुनी प्रत घेत असाल तर अध्याय वाचण्याआधी पाठीचा कणा बघा. मधोमध उघडून शिलाईचा दोरा दिसतो का ते पाहा. नुसत्या गोंदानं चिकटवलेली जाड प्रत मुंबईच्या दोन पावसाळ्यांत पानं सोडते. बायबलचा कागद अतिपातळ असतो. दमट हवेत त्याच्या कडा वळतात, पानं एकमेकांना चिकटतात. मागच्या बाजूची छपाई पुढे किती दिसते ते उजेडात धरून बघा. कसर लागलेली प्रत कितीही स्वस्त असली तरी घरात नेऊ नका, शेजारच्या पुस्तकांना लागते. पदपथावर बायबलचा भाव बांधणीवर ठरतो. चामडं आणि सोनेरी कडा दिसल्या की आकडा चढतो, आतल्या मजकुराशी त्याचा काही संबंध नसतो. साधी कापडी बांधणीची, शिलाईची प्रत भाव न करताही परवडते.

आता प्रती

पेंग्विन क्लासिक्सची २००६ ची प्रत डेव्हिड नॉर्टन यांनी संपादित केलेल्या मजकुराची आहे, जो केंब्रिजने २००५ मध्ये 'न्यू केंब्रिज पॅराग्राफ बायबल' म्हणून काढला. शब्दलेखन आधुनिक केलं आहे, गद्य परिच्छेदांत आहे, काव्य काव्यासारखं ओळींत आहे, संवादांना अवतरणचिन्हं आहेत. जुना क्रम मात्र जिथल्या तिथे. नवख्याला हेच हवं असतं. अवतरणचिन्हांमुळे 'अँड ही सेड अन्टू हिम' यातला कोणता 'ही' बोलतोय हे तरी कळतं. उणीव एक आहे: तिरपी अक्षरं काढून टाकली आहेत, त्यामुळे कोणता शब्द भरीचा ते समजत नाही. त्यासाठी घरातली जुनी भक्तीची किंग जेम्स प्रत पुरे. पुस्तकांच्या मोठ्या दुकानात ही प्रत धर्माच्या फळीवर शोधू नका, क्लासिक्समध्ये शोधा. नसली तर नाव सांगून मागवून घ्या.

ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची प्रत, १९९७ ची, अपोक्रिफासकट (म्हणजे प्रोटेस्टंट बायबलांतून बहुधा वगळलेल्या जादा पुस्तकांसकट) आहे आणि तिची प्रस्तावना अभ्यासकाला उपयोगी. १६११ च्या मूळ पुस्तकात अपोक्रिफा होतंच. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक प्रतींत ते नसतं आणि ६६ पुस्तकंच असतात. परीक्षेसाठी टोबिट किंवा ज्युडिथ वाचायचं असेल तर हे पाहून घ्यावं, नाहीतर घरी आल्यावर शोधाशोध.

नॉर्टन क्रिटिकलचे दोन खंड २०१२ चे (हे नॉर्टन म्हणजे प्रकाशनसंस्था, वरचे संपादक नव्हेत). टिपा पानाच्या तळाशीच आहेत, अर्थ बदललेले शब्द तिथल्या तिथे सांगितले आहेत, पानं उलटत बसावं लागत नाही. 'प्रिव्हेंट' म्हणजे 'आधी जाणं', 'सफर' म्हणजे 'करू देणं' अशा फसव्या शब्दांसाठी याच्याइतकी सोय दुसरीकडे नाही. महाग आहेत आणि जड आहेत. लोकलमध्ये उभ्यानं वाचायचा माल नव्हे. ग्रंथालयात मिळाले तर आधी तिथे पाहा.

१६११ ची हुबेहूब प्रत घेण्याचा मोह अनेकांना होतो. मूळ छपाई काळ्या गॉथिक अक्षरांत आहे. 'यू'च्या जागी 'व्ही', 'जे'च्या जागी 'आय', 'एस' लांब 'एफ'सारखा. भरीचे शब्द तिथे उलट लहान साध्या रोमन अक्षरांत आहेत. ज्याला क्रम शिकायचा आहे त्याचा सगळा वेळ अक्षर लावण्यातच जातो. साध्या रोमन अक्षरांत छापलेली १६११ ची प्रतही मिळते, ती जरा बरी, पण शब्दलेखन जुनंच. हे लक्षात असू द्या की आज आपण ज्याला किंग जेम्स म्हणतो तो मजकूर बहुतांशी १७६९ साली ऑक्सफर्डमध्ये बेंजामिन ब्लेनी यांनी नीटनेटका केलेला आहे. शब्दलेखन आणि विरामचिन्हं बदलली. क्रम तोच राहिला. त्यामुळे 'मूळ क्रम बघायचा आहे' एवढ्यासाठी १६११ ची प्रत घ्यायची गरज नाही.

केंब्रिज आणि ऑक्सफर्ड यांच्या मजकुरांत बारीक फरक आहेत. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायाच्या सोळाव्या ओवीत केंब्रिज 'यी' छापतं, ऑक्सफर्ड 'ही'. संग्राहकांना यात रस. बाकीच्यांनी सोडून द्यावं.

प्रार्थनेचं पुस्तक का घ्यावं

कारण तिथला क्रम किंग जेम्सपेक्षाही जुना आहे आणि वाक्यं आटोपशीर आहेत. १६६२ च्या पुस्तकातली स्तोत्रं किंग जेम्समधून घेतलेली नाहीत. ती माइल्स कव्हरडेल या भाषांतरकाराची, १५३९ च्या 'ग्रेट बायबल' या आधीच्या इंग्रजी भाषांतरातली. स्तोत्र २३ समोरासमोर ठेवा. किंग जेम्स म्हणतं, 'आय शॅल नॉट वॉन्ट', सरळ क्रम. कव्हरडेल म्हणतो, 'देअरफोर कॅन आय लॅक नथिंग', तोंडाशी 'देअरफोर', मग क्रियापद, मग कर्ता. सत्तर-बहात्तर वर्षांत इंग्रजी वाक्य कुठून कुठे सरकलं ते या दोन ओळींत दिसतं.

लग्नविधीतलं 'विथ धिस रिंग आय दी वेड' सिनेमांमुळे सर्वांना माहीत आहे. कर्त्यानंतर कर्म आणि शेवटी क्रियापद: हा तर आपलाच क्रम, 'मी तुला वरतो'. 'टिल डेथ अस डू पार्ट' यातही 'अस' हे कर्म आहे, 'मरण आम्हांला वेगळं करीपर्यंत'. १५४९ च्या पुस्तकात हे 'टिल डेथ अस डिपार्ट' असं होतं आणि तेव्हा 'डिपार्ट' म्हणजे वेगळं करणं. पुढे तो अर्थ मेला, म्हणून १६६२ मध्ये 'डू पार्ट' आलं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी आणि सूत्रसंचालकांनी ही दोन वाक्यं नीट बघावीत. जुन्या थाटाचं इंग्रजी म्हणून 'आय लव्हेथ दी' असं छापलेलं दिसतं. 'आय'ला 'एथ' लागत नाही. 'आय लव्ह दी' किंवा फार तर 'दी आय लव्ह'.

या पुस्तकातल्या छोट्या प्रार्थना, ज्यांना 'कलेक्ट' म्हणतात, क्रम शिकायला उत्तम. रचना ठरलेली: देवाला हाक, मग 'हू' किंवा 'अन्टू हूम'ने सुरू होणारं विशेषण-वाक्य, मग मागणं, मग 'दॅट'ने हेतू, आणि शेवटी ख्रिस्ताच्या द्वारे. 'ऑलमायटी गॉड, अन्टू हूम ऑल हार्ट्स बी ओपन' हे 'ज्याच्यापुढे सर्वांची मनं उघडी आहेत अशा हे देवा' असं जो-तोच्या साच्यात बसवलं की उलगडतं. एकदा साचा हाती आला की शंभर ओळींचं पान दहा मिनिटांत होतं.

घेताना साल बघा. पदपथावर १९२८ चं सुधारित, १९७९ चं अमेरिकन, १९८० चं 'ऑल्टर्नेटिव्ह सर्व्हिस बुक' आणि नुसती भजनांची पुस्तकंही याच ढिगात असतात. मुंबईत 'चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन'चं प्रार्थनेचं पुस्तकही सापडतं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर ते मागे पडलं. ते इतिहासासाठी ठेवा, आपल्या कामासाठी १६६२ चंच हवं.

सरावाला मुंबईत फुकटची पानंही आहेत. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कथीड्रल १७१८ चं. त्याच्या भिंतींवर स्मृतिशिला लागोपाठ आहेत. कुलाब्याचं अफगाण चर्च, शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी, तिथेही. 'ब्लेसेड आर द डेड व्हिच डाय इन द लॉर्ड' अशा ओळीत विशेषण आधी, क्रियापद मधे, कर्ता मागे, आणि माणसांना 'हू'ऐवजी 'व्हिच'. प्रार्थनेच्या वेळा सोडून जा आणि शिलेवर कागद ठेवून पेन्सिल घासायच्या भानगडीत पडू नका. फोटोला आधी विचारा.

कॅथलिक घरातून जुनं बायबल हाती आलं तर ते बहुधा किंग जेम्स नसेल, डुए-रीम्स हे कॅथलिकांचं इंग्रजी भाषांतर असेल. नवा करार १५८२ चा, जुना १६०९-१० चा, आणि प्रचारात असलेला मजकूर अठराव्या शतकात चॅलोनर यांनी सुधारलेला. ते लॅटिनवरून केलं आहे, त्यामुळे त्यातली वाक्यवळणं लॅटिनकडे झुकतात. मोठा गोंधळ क्रमांकांचा. आपलं स्तोत्र २३ तिथे २२ आहे आणि सुरुवात 'द लॉर्ड रूलेथ मी' अशी. संदर्भ जुळत नाही म्हणून प्रत सदोष ठरवू नका.

वाचायला कुठून सुरुवात करावी? रूथ, चार अध्याय. मग योना, चारच. मग मार्क, सोळा. मग स्तोत्रं, कव्हरडेल शेजारी ठेवून. ईयोब आणि पौलाची पत्रं शेवटी. रूथमध्येच 'इन्ट्रीट मी नॉट टू लीव्ह दी' येतं आणि वर सांगितलेला सर्वनाम-मग-नॉट नियम हातात बसतो.

मोबाइल अ‍ॅपवर मजकूर फुकट मिळतो आणि शोधायला सोपा आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. फुकट फायलींत तिरपी अक्षरं बऱ्याचदा उडालेली असतात किंवा कंसात आलेली असतात. आणि शोध अक्षरशः चालतो: 'गिव्ह्स' टाकलं तर काही सापडणार नाही, 'गिव्हेथ' टाकावं लागतं; 'यू'चा शोध घेतला तर कर्त्याच्या जागचे सगळे 'यी' सुटतात. ऐकायचं असेल तर अलेक्झांडर स्कोर्बी यांचं वाचन शोधा. अपूर्णविरामापाशी ते श्वास घेतात, कारण या पुस्तकात दोन टिंबं 'पुढीलप्रमाणे' असं सांगत नाहीत, थांबायला सांगतात. 'सच अ‍ॅज आय हॅव'नंतरचा तो न छापलेला स्वल्पविरामही कानाला असाच कळतो.